नवा खेळ, सलग दोन आठवडे : मित्रांची बोर्ड गेमची संध्याकाळ कशी बसवावी

डावपेचांचा कोणताही चांगला खेळ पहिल्या डावात कळत नाही. पहिला डाव नियम सांभाळण्यातच जातो. आता पाळी कोणाची, मला काय काय करता येतं, हे पान कुठे ठेवायचं, एवढ्यातच लक्ष गुंतलेलं असतं. सुरुवातीला काय करायला हवं होतं ते शेवटच्या पंधरा मिनिटांत उमगतं, आणि तोवर डाव हातातून गेलेला असतो. हा खेळ आपल्याला आवडतो की नाही, हे दुसऱ्या डावात ठरतं. दर आठवड्याला जमणारे बहुतेक गट नेमका हा दुसरा डाव खेळत नाहीत. पुढच्या वेळी नवा डबा उघडतो, पुन्हा अर्धा तास नियम, पुन्हा चाचपडणं. मग दोन-तीन महिन्यांत ‘आपल्याला हे खेळ झेपत नाहीत’ असं म्हणत माणसं गळायला लागतात. खेळ झेपण्यासारखेच असतात, त्यांना संधी मिळालेली नसते.

म्हणून या लेखातला सगळा बेत एका नियमाभोवती बांधला आहे : नवा खेळ आणला की तो सलग दोन आठवडे खेळायचा. माणसं, वार, टेबल, खाणं, शिकवणं, खरेदी, सगळं या नियमाच्या सोयीने ठरवायचं.

माणसं किती, वार कोणता

खेळायला चार जण पुरतात, पण गट पाच-सहांचा करा. बहुतेक चांगले खेळ चौघांपर्यंतचे असतात : कटान तीन ते चार जणांचा, अझूल आणि स्प्लेंडर दोन ते चार जणांचे. कार्कासोन आणि तिकिट टू राइड पाचांपर्यंत जातात. गट पाच-सहांचा असला की एखाद्याची रात्रपाळी, एखाद्याचं मूल आजारी, तरी तीन-चार जण उरतात. तिघेच आले तरी खेळायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. तिघांत पाळी पटापट येते, त्यामुळे नवा खेळ शिकायला ही संख्या उत्तम. सहा जण हजर असतील तर सहांना पुरेल असा खेळ शोधत बसू नका, तीन-तीनची दोन टेबलं मांडा. याला एक सुरेख अपवाद आहे, सेव्हन वंडर्स. त्यात सगळे एकाच वेळी आपापलं पान निवडतात, त्यामुळे सातजण बसले तरी डाव लांबत नाही.

वार कायमचा ठरवा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. लग्न, बारसं, सासर-माहेर, गावाकडची फेरी, सगळं तिथेच येऊन पडतं. गुरुवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ जास्त टिकते. ग्रुपवर ‘या आठवड्यात कोण कोण येणार?’ असं विचारूच नका. विचारलं की बेत रद्द होऊ शकतो असं प्रत्येकाला वाटतं, आणि मग तो होतोही. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या रात्रीपर्यंत कळवायचं. काही कळवलं नाही म्हणजे तो येणार.

साडेसातला जमा, आठला डबा उघडा, आणि साडेदहानंतर नवा डाव सुरू करू नका. डब्यावर छापलेली वेळ खेळ येणाऱ्या माणसांची असते. पहिल्या आठवड्यात तिच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरा, शिवाय नियम सांगायला पंधरा-वीस मिनिटं. डब्यावर ‘४५ मिनिटं’ असेल तर तुमची संध्याकाळ त्यातच भरते. डब्यावर ‘१२० मिनिटं’ असेल तर तो खेळ आठवड्यातल्या रात्री काढू नका, सुट्टीच्या दुपारसाठी राखून ठेवा.

टेबल, पंखा, पावसाळा

चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल बहुतेक खेळांना पुरतं. त्यावर जाडसर चादर अंथरा, म्हणजे पत्ते उचलायला सोपे जातात आणि फासे घरंगळत नाहीत. सतरंजीवर बसून खेळायला छान वाटतं, पण तासाभराने पाय अवघडतात आणि समोरच्याचा पट वाकून बघायचा कंटाळा येतो. इतरांच्या पटावर काय चाललंय हे न बघता डावपेचांचा खेळ खेळताच येत नाही. तेव्हा टेबलच बरं. पिवळ्या मंद दिव्याखाली लाल आणि नारिंगी सोंगट्या सारख्याच दिसतात, म्हणून पांढरा उजेड ठेवा, तोही वरून पडणारा.

आपल्याकडची खरी अडचण छतावरच्या पंख्याची आहे. उकाड्यात तो बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला की पत्ते उडतात. टेबल पंख्याच्या थेट खालून दोन-तीन फूट सरकवा आणि उघड्या मांडलेल्या पत्त्यांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह, म्हणजे पानाच्या मापाची पारदर्शक पाकिटं, घाला. स्लीव्ह घातलेलं पान जड होतं, सहजी उडत नाही, आणि पावसाळ्यात वाकतंही कमी. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे. जुलैत उघडे पत्ते सर्दावतात, कमान धरतात, आणि एकदा कमान धरलेलं पान गड्डीत लांबून ओळखू येतं. डबे बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

खाणं खेळाच्या आधी किंवा नंतर. पावभाजी, मिसळ, भजी यांचं तेल पत्त्यांवर कायमचं राहतं. साडेसातला सगळ्यांनी मिळून खिचडी नाहीतर पोहे खावेत, हात धुवावेत, मग टेबलाशी यावं. मध्ये तोंडात टाकायला खारे काजू किंवा फुटाणे ठेवा, चमच्याने घ्यायच्या वाटीत. चहाचा कप टेबलावर येऊ द्यायचा नाही. त्यासाठी प्रत्येक दोन खुर्च्यांमध्ये एक स्टूल ठेवा. हे वाचताना जाचक वाटेल, पण पटावर एकदा चहा सांडला की तो खेळ गेलाच.

कोणता खेळ आधी

गटाला आधीपासून काय येतं तिथून सुरुवात करा. मराठी घरांत पत्त्यांचं ज्ञान भरपूर असतं, त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला उतारी, हुकूम, रंग पाळणं, हात करणं हे शिकवावं लागत नाही. अशा गटाला ‘द क्रू’ हा खेळ पाच-दहा मिनिटांत येतो. चार रंगांची १ ते ९ पानं आणि चार रॉकेटची पानं, जी कायमची हुकूम. फरक एवढाच की सगळे मिळून एकाच बाजूने खेळतात, कोणतं पान कोणी जिंकायचं ते आधी ठरलेलं असतं, आणि हातातली पानं एकमेकांना सांगायला बंदी असते. एकूण ५० मोहिमा आहेत, त्या चढत्या अवघडपणाच्या. दहाव्या-बाराव्या मोहिमेपासून मेंढीकोटातले कसलेले भिडूसुद्धा पान टाकण्याआधी थांबून विचार करायला लागतात. २०२० साली या खेळाला जर्मनीचा ‘केनरश्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला.

रमी खेळणाऱ्या गटाला तिकिट टू राइड द्या. रंगांची पानं जमवायची, संच झाला की नकाशावरचा रेल्वेमार्ग आपल्या डब्यांनी व्यापायचा. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करता येते : पानं उचला, मार्ग घ्या, किंवा नवी तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारी) घ्या. लांब मार्गाला गुण झपाट्याने वाढतात, तीन डब्यांना ४ पण सहा डब्यांना १५. या खेळात भारताचा नकाशाही २०११ पासून आहे, मात्र रेल्वेचे डबे आणि पानं मूळ खेळाच्या खोक्यातलीच वापरावी लागतात.

पत्त्यांचं काहीच वेड नसलेल्या गटाला अझूल. पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत फरशा गोळा करून भिंत सजवायची. पणजीत फोंतेन्हासमध्ये घरांच्या नावांच्या आणि गल्ल्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा पाहिलेल्यांना पहिल्याच नजरेत हा खेळ ओळखीचा वाटेल. दिसतो गोड, पण आहे पक्का डावपेची. दुसऱ्याला नको असलेल्या फरशा त्याच्या गळ्यात कशा पडतील हे बघायचं असतं, आणि जागा न मिळालेल्या फरशांचे गुण कापले जातात.

डबा निवडताना जर्मन पुरस्कारांची खूण बघा. ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ, हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो. त्याची लाल सोंगटी डब्यावर असेल तर तो खेळ घरच्या माणसांना एका संध्याकाळी शिकता येतो. कटान (१९९५), कार्कासोन (२००१), तिकिट टू राइड (२००४), अझूल (२०१८) हे सगळे त्याच यादीतले. काळपट सोंगटीचा ‘केनरश्पील’ पुरस्कार २०११ पासून आहे आणि तो एक पायरी वरच्या खेळांना मिळतो, उदाहरणार्थ विंगस्पॅनला २०१९ साली. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाचा अवघडपणा पाचपैकी दिलेला असतो. तिकिट टू राइड दोनच्या जरा खाली, कटान सव्वादोनच्या आसपास, टेराफॉर्मिंग मार्स सव्वातीनच्या आसपास, ब्रास : बर्मिंगहॅम जवळजवळ चार. एका उडीत अर्ध्या गुणापेक्षा जास्त चढू नका. मोठे नाव ऐकून ब्रासपासून सुरुवात करणारा गट बहुधा ब्रासलाच शेवट करतो.

शिकवणाऱ्याची जबाबदारी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ज्याने खेळ सुचवला त्यानेच तो शिकवायचा, आणि ही जबाबदारी आळीपाळीने फिरवायची. नियमांचं पुस्तक टेबलावर बसून मोठ्याने वाचणं सक्त मनाई. त्याने माणसं झोपतात.

शिकवणाऱ्याने आदल्या दोन-तीन दिवसांत घरी एवढं करावं. पुस्तक एकदा सलग वाचावं. मग डबा उघडून खेळ पूर्ण मांडावा, आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच चार-पाच फेऱ्या खेळाव्यात. हात चालू लागल्यावर जे प्रश्न पडतात ते नुसतं वाचताना पडत नाहीत. त्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात शोधून तिथे चिकटपट्टीचा कागद लावावा. शेवटी सोंगट्या, पत्ते, नाणी वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत भरावी, म्हणजे गुरुवारी मांडायला पाच मिनिटं पुरतात.

समजावून सांगण्याचा क्रमही ठरलेला असावा. आपण कोण आहोत आणि डाव कधी संपतो, जिंकायचं कशाने, पाळी आली की काय करता येतं, मग एक नमुन्याची पाळी, आणि लगेच सुरुवात. स्प्लेंडर असा सांगता येईल :

“आपण रत्नांचे व्यापारी. कोणाचेही पंधरा गुण झाले की ती फेरी पूर्ण करायची आणि मोजायचं. गुण दोन ठिकाणी आहेत. एक, पत्त्याच्या कोपऱ्यातला हा आकडा. दोन, हे वर मांडलेले सरदार, प्रत्येकी तीन गुणांचे. पत्ता विकत घ्यायचा तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात दाखवलेली रत्नं मोजायची. पण एकदा पत्ता तुझा झाला की तो तुला कायमचं एक रत्न देतो, पुढची प्रत्येक खरेदी तेवढी स्वस्त. सगळा खेळ या एका गोष्टीत आहे. सरदार तुझे विकत घेतलेले पत्ते बघून आपणहून येतो, त्याच्यासाठी पाळी खर्चायची नाही. पाळी आली की चारपैकी एकच काम : तीन वेगळ्या रंगांची रत्नं उचल, किंवा एकाच रंगाची दोन, किंवा एखादा पत्ता राखून ठेवून एक सोनं घे, किंवा पत्ता विकत घे. आणि पाळी संपताना हातात दहापेक्षा जास्त रत्नं ठेवता येत नाहीत. बघा, मी पहिली पाळी उघड खेळतो.”

एवढंच. एकाच रंगाची दोन रत्नं उचलायला त्या ढिगात आधी निदान चार लागतात, सोनं कोणत्याही रंगाचं चालतं, राखून ठेवलेले पत्ते तीनच असू शकतात, हे तशी वेळ आली की सांगावं. आधी काय सांगायचं आणि नंतर काय, याची कसोटी सोपी आहे. जो नियम उशिरा कळल्याने कोणाचं नुकसान होईल तो आधी सांगा. स्प्लेंडरमधली दहाची मर्यादा आधी. कटानमध्ये फाशांवर सात पडले की सातपेक्षा जास्त पानं असलेल्याला अर्धी टाकावी लागतात, तेही आधी. ते पहिल्यांदा घडल्यावर सांगितलं तर समोरच्याची संध्याकाळ नासते आणि त्याची काही चूक नसते.

पहिली पाळी शिकवणाऱ्याने घ्यावी, आपण हे का करतोय ते बोलून दाखवत. सगळ्यात नवा भिडू त्याच्या उजव्या हाताला बसवा, म्हणजे त्याची पाळी शेवटी येईल आणि तोवर त्याने सगळ्यांच्या खेळी पाहिलेल्या असतील.

पहिला आठवडा आणि दुसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात खेळी मागे घेण्याची मुभा ठेवा, पुढच्याने हात घालेपर्यंत. जिंकण्याबद्दल फार बोलू नका. दुसऱ्या आठवड्यात खेळी ती खेळी.

कित्येक खेळांत ही दोन रूपं करणाऱ्यांनीच ठेवलेली आहेत, फक्त ती वापरली पाहिजेत. कटानच्या पुस्तकात नवशिक्यांसाठी ठरलेली मांडणी दिलेली असते, पहिल्या आठवड्यात तीच मांडा. दुसऱ्या आठवड्यात तुकडे पिसून मांडा, आणि आपलं पहिलं गाव कुठे वसवायचं हा खेळातला सगळ्यात मोठा निर्णय प्रत्येकाला स्वतः घेऊ द्या. तेव्हा फाशांचं गणित सांगा, कारण फाशांवर पडलेल्या आकड्याच्या तुकड्याशेजारची गावंच पिकतात : दोन फाशांच्या ३६ शक्यतांत सात सहा वेळा येतो, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. पहिल्या आठवड्यात हे आकडे सांगितले तर कोरडे वाटतात. बारावर बसवलेलं गाव तासभर काहीच पिकवत नाही हे अनुभवल्यावर मात्र सगळे कान देऊन ऐकतात.

कार्कासोनमध्ये तुकडे जोडत नकाशा वाढवायचा असतो; त्यातले शेतकरी, म्हणजे शेतात ठेवायच्या सोंगट्या, पहिल्या आठवड्यात वगळा. शेतांची मोजणी शेवटी होते आणि नव्या माणसाला ती दिसतच नाही. रस्ते, शहरं, मठ एवढ्यावर ७२ तुकड्यांचा डाव छान होतो. दुसऱ्या आठवड्यात शेतकरी आणले की तोच नकाशा निराळा दिसू लागतो. अझूलचा पट उलटा केला की रंगांच्या जागा ठरलेल्या नसलेली बाजू निघते, ती दुसऱ्या आठवड्याची. टेराफॉर्मिंग मार्समध्ये नवशिक्यांच्या कंपन्या वेगळ्या आहेत, पहिल्या खेपेला सगळ्यांनी त्याच घ्याव्यात.

डाव संपला की लगेच आवराआवर नको. मेंढीकोट संपल्यावर ‘तू तेव्हा हुकूम का घातलास?’ यावर जशी चर्चा होते, तशी दहा मिनिटं इथेही झाली पाहिजे. प्रत्येकाने सांगावं : मी काय करायला गेलो, कुठे अडलो, पुढच्या वेळी काय बदलेन. एका वहीत तारीख, खेळ, हजर माणसं, गुण आणि शंका आलेले नियम लिहून ठेवा. शंकांची उत्तरं शिकवणाऱ्याने आठवड्याभरात शोधायची. दुसऱ्या गुरुवारची सुरुवात त्या पानापासून होते, आणि नियम सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

टेबलावरची माणसं

फार वेळ विचार करणारा भिडू प्रत्येक गटात असतो. त्याच्यासमोर घड्याळ लावू नका, तो आणखी गोंधळतो. इतरांच्या पाळीत आपली खेळी ठरवायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी, आणि पाळी संपली की ‘झालं, आता तू’ असं मोठ्याने म्हणावं. निम्मा वेळ पाळी कोणाची हे न कळल्यामुळे जातो.

पँडेमिकसारख्या सगळ्यांनी एका बाजूने खेळायच्या खेळात उलटा त्रास होतो, एकच अनुभवी माणूस सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. तिथे एक नियम करा : ज्याची पाळी, तो विचारेल तेव्हाच सल्ला द्यायचा. द क्रूमध्ये पानं लपलेली असल्याने हा प्रश्न येतच नाही, म्हणून दडपून बोलणारा भिडू असलेल्या गटाला आधी तो खेळ द्यावा.

नवरा-बायको एकमेकांना वाचवतात अशी कुरबुर झाली तर एकदा मुद्दाम त्यांना दोन टेबलांवर बसवा. घरात ब्रिज किंवा रमी खेळणारे आई-बाबा असतील तर त्यांना जरूर बोलवा. पडलेली पानं लक्षात ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

खरेदी

मोठा डबा भारतात काही हजारांना पडतो, म्हणून घाईने घेऊ नये. पुण्या-मुंबईत, बंगळुरूमध्ये बोर्ड गेमचे कॅफे आहेत, तिथे पैसे देऊन बसून खेळता येतं. नवा खेळ एकदा तिथे खेळून बघा. बोर्ड गेम अरीना या संकेतस्थळावर कित्येक खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतात. नियम बसवायला ते उत्तम आहे, आणि परदेशी गेलेल्या मित्रालाही एखाद्या रविवारी सामील करून घेता येतं.

गटाची भिशी करा. प्रत्येकाने महिन्याला ठरावीक रक्कम काढावी आणि पुरेसे जमले की सगळ्यांच्या मताने एक डबा घ्यावा. डबा कोणाच्या घरी राहणार आणि कोणी गट सोडला तर काय, हे पहिल्या वर्गणीआधीच वहीत लिहून ठेवा. विस्तारांचे, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे, डबे पहिल्या वर्षी घेऊ नका. मूळ खेळच सहा-सात वेळा खेळून झालेला नसतो.

पहिल्या दोन महिन्यांसाठी चार खेळ पुरतात, प्रत्येकी दोन गुरुवार : द क्रू किंवा तिकिट टू राइड, मग अझूल, मग कार्कासोन, मग कटान. नवव्या गुरुवारी नवा डबा उघडू नका. चारही डबे टेबलावर ठेवा आणि मत घ्या. ज्याला जास्त मतं, तो तिसऱ्यांदा खेळायचा.